कोल्हापूरहून राफ्टिंगची सहल: कोणती नदी, कोणता महिना?

करवीरकाठ

नमस्कार. आम्ही कोल्हापुरातील दहा-बारा जण यंदा राफ्टिंगची सहल आखत आहोत. गटात पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेले चार-पाच तगडे मित्र आहेत, पोहता न येणाऱ्या दोन बहिणी आहेत, पन्नाशी ओलांडलेले दोन काका आहेत आणि तेरा वर्षांचा भाचा आहे. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी मिळते, म्हणून बहुतेकांच्या मनात तीच तारीख आहे. कोलाडची कुंडलिका, दांडेलीची काळी आणि गोव्यातील म्हादई ही तीन नावे ऐकून आहोत; परंतु त्यांपैकी कोणत्या नदीला कोणत्या महिन्यात जावे, याबद्दल प्रत्येकजण वेगळे सांगतो.

आणखी दोन गोष्टी. गटातील एका मित्राचा आग्रह असा आहे की, पावसाळ्यात आपल्या दारातच एवढे पाणी असताना तीनशे किलोमीटर जाण्याचे कारण नाही. त्याच्या ओळखीने रबरी बोट मिळू शकते आणि प्रयाग चिखलीहून राजाराम बंधाऱ्यापर्यंत आपणच उतरावे. दुसरा मित्र राफ्टऐवजी थेट कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, चालवायची म्हणतो. दोन्ही बाबतींत जाणकारांचे स्पष्ट मत हवे आहे.

बंधाऱ्यावरून

करवीरकाठ, तुमच्या पहिल्या मित्राचा बेत आजच मोडून काढा. नोकरीच्या निमित्ताने अनेक पावसाळे मी याच नद्यांच्या बंधाऱ्यांवर काढले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पंचगंगा आणि तिच्या उपनद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांबांच्या खाचांमध्ये बरगे (आडव्या फळ्या) बसवून पावसाळ्यानंतर पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते बरगे काढून घ्यायचे, ही त्यांची रचना. बरगे काढल्यावर नदी खांबांमधल्या अरुंद गाळ्यांतून वाहते. पुराबरोबर आलेली झाडे, फांद्या आणि केंदाळ याच गाळ्यांत अडकते. पाणी त्या जाळीतून पलीकडे निघून जाते, पण माणूस किंवा बोट जात नाही. बोट आडवी होऊन खांबाला चिकटली, तर मागून येणारे पाणी तिला तिथेच दाबून धरते आणि आतल्या माणसांच्या ताकदीने ती सुटत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो, हे ज्याने पुरात दोर धरला आहे त्याला सांगावे लागत नाही.

पाणी आणखी चढले की बंधारा बुडतो. वर्तमानपत्रात आपण रोज वाचतो की अमुक इतके बंधारे पाण्याखाली गेले. अशा वेळी वरच्या बाजूने पाहणाऱ्याला नदी सपाट दिसते, बंधाऱ्याच्या जागी फक्त एक सरळ रेषा दिसते. मात्र बंधाऱ्यावरून खाली पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा उलटे बंधाऱ्याकडेच फिरते. या उलट्या प्रवाहात सापडलेली वस्तू खाली जाते, वर येते, बंधाऱ्याकडे ओढली जाते आणि पुन्हा खाली जाते. नैसर्गिक खडकांमुळे होणाऱ्या अशा भोवऱ्याला बहुधा बाजूने वाट असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ बांधलेला असल्यामुळे तीही नसते. जगभरातील राफ्टिंगचे प्रशिक्षक अशा ठेंगण्या बंधाऱ्यांना मोठ्या धबधब्यापेक्षाही अधिक धास्तीने पाहतात, ते याच कारणाने. तुमच्या मित्राने जिथवर जायचे ठरवले आहे, ती जागाच बंधारा आहे.

दुसरे कारण राधानगरी. पंचगंगेला पाणी देणाऱ्या भोगावतीवरील या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला की ते आपोआप उघडतात, मग रात्र असो की पहाट. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे चाळीस हजार लिटर पाणी बाहेर पडते. सकाळी घाटावर उभे राहून पाहिलेली पातळी दुपारी तशीच असेल, याची हमी पावसाळ्यात कोणीही देऊ शकत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी आहे, आणि आंबेवाडी-चिखलीच्या लोकांनी २०१९ आणि २०२१ च्या पुरांत काय भोगले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पुराच्या दिवसांत बचावाच्या बोटी त्या गावांसाठी असतात. हौसेने उतरलेल्या एका गटासाठी त्यांतली एक जरी बोट वळवावी लागली, तर एखाद्या घराच्या माळ्यावर अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाला तेवढा वेळ थांबावे लागते. मला हे कारण बाकी सर्व कारणांपेक्षा मोठे वाटते.

चंदगडी वारा

‘बंधाऱ्यावरून’ काकांनी लिहिलेले अक्षरशः खरे आहे. त्याला भूगोलाची जोड देतो.

राफ्टिंगसाठी नुसते पाणी पुरत नाही, उतारही लागतो. पंचगंगा प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत जवळजवळ सपाट प्रदेशातून, वळणे घेत जाते. तिथे कृष्णेचे पाणी चढलेले असले की पंचगंगेचे पाणी पुढे सरकतच नाही आणि मागे फुगते. त्यामुळे आपल्याकडे पूर मोठा, पण खळाळ नाही. याउलट सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या थोड्या अंतरात घाटमाथ्यावरून समुद्रसपाटीला येतात. खडकाळ पात्र, भरपूर उतार आणि लागोपाठ येणारे रॅपिड, म्हणजे खळाळत्या उताराचे टप्पे, तिथे मिळतात. तुम्ही नावे घेतलेल्या तिन्ही नद्या पश्चिमवाहिनी आहेत, तो योगायोग नाही.

या नद्यांची दुसरी ओळख करून घेणे मात्र अधिक उपयोगाचे आहे. कुंडलिका आणि काळी या दोन नद्यांवरचे राफ्टिंग वीजनिर्मितीतून सुटणाऱ्या पाण्यावर चालते. म्हादईचे राफ्टिंग पावसावर चालते. म्हणून पहिल्या दोन ठिकाणी ‘आज पाणी किती वाजता सोडणार’ हे विचारायचे, आणि तिसऱ्या ठिकाणी ‘काल खानापूर तालुक्यात पाऊस किती झाला’ हे विचारायचे. सुट्टीची तारीख आधी पक्की करून मग नदी शोधणे, हा क्रम उलटा आहे.

काळीबद्दल सांगायचे तर आम्हा चंदगड-बेळगाव पट्ट्यातील लोकांना ती सर्वांत जवळची. कोल्हापूरहून बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर या मार्गाने दांडेलीजवळच्या गणेशगुडीपर्यंत साधारण दोनशे किलोमीटर होतात. गणेशगुडीला सुपा धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी शंभर मेगावॉटचे वीजगृह आहे आणि तिथून सुटलेले पाणी दाट जंगलातून वाहते. धरणाखालच्या या टप्प्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीचे (सहापैकी, म्हणजे सोपे ते मध्यम) रॅपिड आहेत. भर पावसाळ्यात सुपाचा जलाशय भरून घेण्याचे दिवस असतात, त्यामुळे काळीचा खरा हंगाम पावसाळा सरल्यानंतरचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवाही सुखाची असते आणि सगळा परिसर काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत असल्याने राफ्टखेरीजही पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

एक सावधगिरी बाळगा. दांडेलीत ‘राफ्टिंग’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात: एक म्हणजे अनेक किलोमीटरांचा लांब टप्पा आणि दुसरी म्हणजे एखाद-दुसऱ्या रॅपिडवरून नेऊन परत आणणारा छोटा फेरा. लांब टप्पा रोज चालू असतोच असे नाही. पैसे भरण्यापूर्वी कोठून उतरणार, कोठे बाहेर पडणार आणि किती अंतर, हे तिन्ही लेखी मागून घ्या.

करवीरकाठ

दोघांचेही मनापासून आभार. ‘बंधाऱ्यावरून’ काकांचे लिखाण मी मित्राला वाचून दाखवले आणि पंचगंगेचा विषय संपला. मात्र ऑगस्टचा प्रश्न राहतोच. काळी हिवाळ्यात, म्हादई पावसावर. मग कुंडलिका पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातही चालते, असे जे म्हणतात ते कसे?

घाटाखालचा

मी कोलाड परिसरातील आहे आणि कुंडलिकेवर राफ्ट चालवतो, म्हणून याचे उत्तर देणे माझ्याकडे येते.

कुंडलिकेत बाराही महिने जे पाणी खळाळते, ते मुळात कुंडलिकेचे नाहीच. ते मुळशीचे आहे. मुळा नदी घाटमाथ्यावर उगम पावून पूर्वेकडे जाणारी, भीमेमार्गे कृष्णेला मिळणारी. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते पाणी बोगद्यांतून आणि नळांतून घाटाखाली भिऱ्याला आणले आणि १९२७ पासून तिथे वीज तयार होऊ लागली. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला, तो १९२१ पासूनचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल. भिऱ्याच्या जनित्रांवरून उतरलेले पाणी खाली रावळजे येथे अडवले जाते आणि तेथून ते नदीत सुटते. साजे गावाजवळ आमच्या राफ्ट पाण्यात पडतात आणि पुढे सुमारे बारा किलोमीटरचा प्रवास होतो. म्हणजे जे पाणी एरवी पुणे, उजनी आणि पंढरपूर करत तुमच्या कृष्णेला मिळाले असते, त्यावर आम्ही कोकणात राफ्ट चालवतो.

पाणी साधारणपणे सकाळी सुटते, आणि त्यावर आमचा सगळा दिवस ठरतो. सुटलेल्या पाण्याचा लोंढा पुढे सरकत राहतो आणि राफ्टने त्याच्यासोबत चालायचे असते. उशीर करून मागे राहिलेल्या राफ्टखालचे पाणी ओसरते, खडक वर येतात आणि मग राफ्ट खेचत न्यावी लागते. म्हणून सकाळी अमुक वाजता हजर राहा असे सांगितले, तर तो वेळ चहा-नाश्त्याने पुढे ढकलण्याजोगा नसतो. रात्रभर गाडी चालवून पहाटे पोहोचणारे गट दर शनिवार-रविवारी येतात. झोप झालेली नसते, सूचना ऐकताना डोळे मिटत असतात, आणि पहिल्याच रॅपिडला तेच गोंधळतात. तुम्ही आदल्या संध्याकाळी कोलाडला किंवा माणगावला मुक्कामाला या.

कधीतरी दुरुस्तीमुळे किंवा विजेची मागणी नसल्यामुळे पाणी सुटतच नाही. वीज कंपनी राफ्टिंगसाठी पाणी सोडत नसते, तिच्या कामातून सुटलेल्या पाण्याचा आम्ही उपयोग करतो, हे लक्षात ठेवले तर राग येणार नाही. आदल्या रात्री फोन करून खात्री करा.

आता ऑगस्ट. पाणी असते, आणि सोडलेल्या पाण्यात डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांचे पाणी मिसळल्यामुळे नदी सर्वांत जोरात असते. त्याच कारणाने अतिवृष्टी झाली की आम्ही राफ्टिंग बंद ठेवतो. पंधरा ऑगस्टला मुंबई आणि पुणे दोन्हीकडून येणारी गर्दी, ताम्हिणी घाटातील वाहनांची रांग आणि एका मागोमाग सोडलेल्या राफ्ट, यांत तुमच्या काकांना आणि बहिणींना आनंद मिळेल असे मला वाटत नाही. गणेशोत्सवाचे दिवसही टाळा, कारण मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्या असतात. त्यानंतरचा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ मला स्वतःला सर्वांत आवडतो: पाऊस ओसरलेला, डोंगर हिरवे, आणि पाण्याचा जोर धरणाच्या विसर्गापुरता, म्हणजे अंदाज बांधता येईल असा. शक्य असेल तर मंगळवार किंवा बुधवार निवडा.

रंकाळ्याची सांज

मी पोहता न येणाऱ्यांच्या वतीने लिहीत आहे, कारण मला स्वतःला पोहता येत नाही आणि तरीही मी म्हादईवर राफ्टिंग केले आहे.

बेळगाव, जांबोटी, चोर्ला घाट, केरी आणि वाळपई असा आमचा रस्ता होता. म्हादई खानापूर तालुक्यातील जंगलात उगम पावते, गोव्यात सत्तरीतून वाहते आणि पुढे मांडवी म्हणून पणजीला समुद्राला मिळते. मुख्य प्रवाहावर मोठे धरण नसल्यामुळे तिथले राफ्टिंग जून-जुलैत सुरू होऊन सप्टेंबरपर्यंतच चालते. दोन्ही काठांना पाण्यात वाकलेली झाडे, वरून पाऊस आणि अंगाखाली लालसर पाणी. इतकी सुंदर नदी मी दुसरी पाहिलेली नाही, आणि तिच्या पाण्यावरून राज्याराज्यांत चाललेला वाद वाचताना आता मला ते काठ डोळ्यांसमोर दिसतात. चोर्ला घाटात मात्र पावसाळ्यात धुके आणि अवजड वाहने दोन्ही असतात. अंधार पडण्यापूर्वी घाट ओलांडावा.

पोहता न येणाऱ्यांना गाइडने पहिल्यांदा शांत डोहात, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरवले आणि पाठीवर तरंगायला लावले. त्या पाच मिनिटांनी माझी निम्मी भीती गेली. तुमच्या बहिणींसाठी संयोजकाला हे आवर्जून विचारा. जो ‘त्याची गरज नाही, काही होत नाही’ असे म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कपड्यांबद्दलही लिहिते, कारण पुरुषमंडळी हे सांगत नाहीत. ओढणी, साडी, जीन्स काहीही नको. अंगाबरोबर बसणारे आणि लवकर वाळणारे कपडे हवेत. मंगळसूत्र, साखळी, अंगठ्या गाडीतही न ठेवता घरीच ठेवाव्यात. राफ्टच्या दोरात साखळी अडकली तर गळ्याला इजा होऊ शकते. चष्म्याला मागून दोरी बांधावी. पायांत मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट असावेत. चामड्याची कोल्हापुरी पाण्यात टिकत नाही आणि पायातही राहत नाही.

तालीमवाला

धागा वाचून असे वाटू लागले आहे की राफ्टिंग म्हणजे फारच जोखमीचे काम. आम्ही लहानपणापासून पुरात शिवाजी पुलावरून उड्या मारणारी माणसे पाहत आलो आहोत. ज्याला पंचगंगा पोहता येते त्याला दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची नदी अवघड जाऊ नये. बाकी गाइड सांगतोच. मला तर वाटते, एवढा खर्च करायचाच असेल तर सरळ हृषीकेश गाठावे.

घाटाखालचा

तालीमवाला भाऊ, चांगला पोहणारा माणूस राफ्टमध्ये असला तर मला आनंदच होतो, कारण तो घाबरून गाइडच्या गळ्यात पडत नाही. परंतु घाटावरचे पोहणे आणि रॅपिडमधले पोहणे यांत एक मोठा फरक आहे, आणि तो नेमका पट्टीच्या पोहणाऱ्यांनाच समजावून सांगावा लागतो.

पाण्यात पडलेल्या पोहणाऱ्याची पहिली इच्छा असते पालथे होऊन हात मारत काठ गाठण्याची, आणि पाणी कमरेइतके झाले की उभे राहण्याची. या दोन्ही गोष्टी खळाळत्या पाण्यात घात करतात. पालथ्या माणसाचे डोके आणि छाती खडकांच्या समोर येते. उभा राहिलेल्या माणसाचा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला, तर मागचे पाणी त्याला पुढे वाकवते आणि तो कमरेइतक्या पाण्यातही बुडू शकतो. म्हणून आम्ही शिकवतो: पाठीवर राहा, पाय प्रवाहाच्या दिशेने, पावले पाण्याच्या वर, गुडघे किंचित वाकलेले, आणि पाणी शांत व उथळ होईपर्यंत उभे राहायचे नाही. फक्त एकाच प्रसंगी पालथे होऊन जीव खाऊन पोहायचे: समोर पाण्यात पडलेले झाड किंवा फांद्यांचे जाळे दिसले तर. तेव्हा त्याच्यापासून दूर जाणे हेच एक काम. काकांनी बंधाऱ्याच्या गाळ्यांबद्दल जे लिहिले, तोच धोका इथे झाडाच्या रूपाने असतो.

काठावरून थ्रो बॅग, म्हणजे बचावाचा दोर भरलेली पिशवी, फेकली, तर दोर धरायचा, बॅग नाही. दोर छातीशी घेऊन खांद्यावरून जाऊ द्यायचा आणि पाठीवर राहायचे. हाताला गुंडाळायचा नाही. हे सर्व नदीच्या गोंगाटात सांगता येत नाही, म्हणून निघण्यापूर्वी काठावर सांगतात. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून ऐकणे, एवढीच तुमच्याकडून अपेक्षा असते.

हृषीकेशबद्दल: गंगेवरचे शिवपुरीपासूनचे रॅपिड निःसंशय थोर आहेत, पण तिथे पावसाळ्यात राफ्टिंग बंद असते आणि पाणी बर्फाचे असल्यामुळे थंडीही लक्षात घ्यावी लागते. आधी जवळची नदी करून मग तिकडे जावे, असे मी सुचवेन.

बंधाऱ्यावरून

जोखीम आहे म्हणून जाऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. जोखीम ज्याने मोजली आहे त्याच्याबरोबर जावे, एवढेच आहे. नद्यांची श्रेणी एकपासून सहापर्यंत ठरवतात आणि ती पाण्याच्या पातळीबरोबर बदलते. उन्हाळ्यात दुसऱ्या श्रेणीचा असलेला रॅपिड पुरात चौथ्या श्रेणीचा होऊ शकतो. त्यामुळे ‘ही नदी सोपी आहे’ हे वाक्य तारखेशिवाय अपुरे आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यानुसार संयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची असते. नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नका. विम्याचेही तसेच: साध्या प्रवास विम्यातून साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, तेव्हा कागद वाचा.

वल्हेकरी

कयाकबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. करवीरकाठ यांच्या मित्राची इच्छा मला फार आवडली, परंतु तिला वेळ द्यावा लागेल.

राफ्टमध्ये सात-आठ माणसे असतात आणि मागे बसलेला गाइड चुका सावरतो. कयाकमध्ये तुम्ही एकटे असता. कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे बोटीचे तोंड झाकणारे आवरण, बांधलेला असतो, म्हणजे कयाक उलटली की तुम्ही डोके खाली आणि पाय बोटीत अशा स्थितीत पाण्याखाली असता. तेथून सुटण्याचे दोन मार्ग: स्कर्टची पट्टी ओढून बाहेर पडणे, किंवा कंबर आणि वल्हे यांच्या झटक्याने कयाक पुन्हा सरळ करणे, ज्याला रोल म्हणतात. पहिला मार्ग जलतरण तलावात एका दुपारी शिकता येतो. दुसऱ्याला आठवडे लागतात, आणि तलावात जमलेला रोल वाहत्या पाण्यात पहिल्यांदा हमखास फसतो.

त्यामुळे आधी तलाव, मग एखादा शांत जलाशय, मग पहिल्या श्रेणीचे वाहते पाणी. तिथे दोन गोष्टी शिकायच्या: खडकामागच्या शांत पाण्यात शिरून थांबणे, आणि प्रवाहाला तिरके राहून, खाली वाहून न जाता नदी ओलांडणे. या दोन जमल्या म्हणजे कयाकर नदी वाचू लागतो. गुळगुळीत जिभेसारखे पुढे गेलेले पाणी म्हणजे वाट, जागच्या जागी उकळणारे पांढरे पाणी म्हणजे भोवरा, आणि कारणाविना फुगलेले पाणी म्हणजे खाली लपलेला खडक. मला स्वतःला कयाकचे सगळे सुख या वाचनात वाटते. रॅपिड पार होतो काही सेकंदांत, पण काठावर उभे राहून त्याच्याकडे पाहण्यात अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात जगातली दुसरी कोणतीही गोष्ट आठवत नाही.

या सहलीत मित्राने राफ्टच करावी. पुढल्या पावसाळ्यात त्याने केरळात कोळिकोड जिल्ह्यातील कोडंचेरीला जावे. तिथे चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या नद्यांवर २०१३ पासून मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो आणि देशोदेशीचे कयाकर उतरतात. काठावरून पाहण्यातही पुष्कळ शिकायला मिळते.

करवीरकाठ

सर्वांचे प्रतिसाद छापून काल गटाची बैठक घेतली. ठरले ते असे.

पंधरा ऑगस्ट रद्द. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आठवड्यामधल्या दिवशी कुंडलिका. कोल्हापूरहून आदल्या सकाळी निघून कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण, महाड या मार्गाने संध्याकाळपर्यंत मुक्काम गाठायचा. पुण्यावरून ताम्हिणी उतरण्यापेक्षा हा रस्ता आम्हाला पसंत पडला, शिवाय काकांना चिपळूणला नातेवाइकांकडे जेवायचे आहे. भाच्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. संयोजकाने चौदा वर्षांखालील मुलाला घेणार नाही असे सांगितले, आणि त्याची समजूत काढणे अवघड जात आहे. कयाकवाला मित्र तलावात नाव घालणार आहे. हिवाळ्यात जमले तर काळी, पुढील वर्षी म्हादई.

दोन शंका उरल्या आहेत. एका काकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि लाइफ जॅकेट चांगले की वाईट, हे आम्हा नवख्यांना कसे ओळखता येईल?

घाटाखालचा

काकांनी त्यांच्या डॉक्टरांना ‘राफ्टिंग’ हा शब्द उच्चारून विचारावे. ‘सहलीला जातो’ असे सांगून परवानगी मिळवू नये. रक्तदाब आटोक्यात असलेले अनेक जण आमच्याबरोबर येतात. हृदयविकार, फिट येणे, गरोदरपण किंवा नुकताच निखळलेला खांदा यांपैकी काही असेल, तर काठावरच थांबावे. गाइडपासून आजार लपवू नये.

जॅकेटची परीक्षा सोपी आहे. ते घालून सर्व पट्टे आवळा आणि दुसऱ्याला दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर कानापर्यंत सरकले, तर ते तुमच्यासाठी मोठे आहे. बकल तुटलेले, शिवण उसवलेली किंवा आतला फोम दाबल्यावर दबलेलाच राहत असेल, तर दुसरे मागा. हेल्मेट कपाळ झाकणारे असावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जेमतेम जावे. तुमच्या गटाच्या दोन राफ्ट होतील. त्यांच्यासोबत बचावासाठी कयाक किंवा तिसरी राफ्ट असेल का, आणि प्रत्येक गाइडकडे थ्रो बॅग असेल का, हे आरक्षण करतानाच विचारा.

भाच्याला सोबत आणा. तो आणि गाडीचा चालक खालच्या बाजूला, जिथे राफ्ट बाहेर काढतो तिथे थांबू शकतात. दुपारी मी त्याला शांत पाण्यात वल्हे कसे धरायचे ते दाखवीन आणि थ्रो बॅग काठावरून फेकायला शिकवीन. आरक्षण करताना एक दिवस राखीव ठेवा, आणि ठरल्या दिवशी पाणी सुटले नाही तर पैसे परत मिळतील की दुसरी तारीख मिळेल, हेही लिहून घ्या.